इतिहासाच्या एम.ए. अर्जासाठी स्टेटमेंट ऑफ इंटरेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जांचा हंगाम जवळ आला की नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूरकडच्या विद्यार्थ्यांचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. बी.ए.ला भराभर पुरवण्या लावणारी मुलंही ही दोन पानं लिहायला बसली की अडतात. त्यांचा दोष नाही. तीन वर्षांत कुणी त्यांना ‘तुला स्वतःला काय शोधायचंय?’ असं विचारलेलंच नसतं. खाली प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत.

१. स्टेटमेंट ऑफ इंटरेस्ट म्हणजे नेमकं काय? बायोडाटात सगळं असतंच, मग हे वेगळं कशाला?

तुम्ही आजवर काय केलं ते बायोडाटात येतं. स्टेटमेंटमधून निवड समितीला वेगळं काही हवं असतं: भूतकाळाबद्दल तुम्हाला कोणता प्रश्न पडलाय, त्याचं उत्तर कुठल्या साधनांत सापडू शकेल याची तुम्हाला कितपत जाण आहे, आणि ते शिकायला त्यांचाच विभाग का हवा. ब्रिटनमध्ये याला बहुधा ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणतात, अमेरिकेत ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’. आपल्याकडची मुलं सरसकट ‘एसओपी’ म्हणतात. नावावर जाऊ नका, अर्जातली सूचना शब्दन् शब्द वाचा. अमेरिकेतली काही विद्यापीठं ‘पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट’ म्हणून आणखी एक निबंध मागतात. त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये लिहिलंय.

२. नागपूर विद्यापीठातच एम.ए. करायचंय. तरी हे लागेल का?

नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्रवेश मुख्यतः पदवीच्या गुणांवर होतो. जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ इथे सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. स्टेटमेंट मागतात ती काही खासगी विद्यापीठं आणि जवळजवळ सगळी परदेशी विद्यापीठं. तरीही एकदा लिहून बघा असं मी इथे राहणाऱ्या मुलांनाही सांगतो. पुढे प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ येते तेव्हा हेच दोन कागद कामाला येतात.

३. किती शब्द लिहायचे?

संस्थेने मर्यादा दिली असेल तर तेवढेच, त्यावर एकही नाही. बऱ्याच ऑनलाइन अर्जांत मर्यादेपुढचा मजकूर सरळ कापला जातो. मर्यादा दिली नसेल तर दोन पानं, म्हणजे आठशे ते हजार शब्द.

४. सर, सुरुवातच जमत नाही. ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ असं लिहिलं तर चालेल का?

हे वाक्य खरं असेल, पण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं असतं, म्हणून समितीला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘इतिहास विसरणारे इतिहास घडवू शकत नाहीत’ या छापाच्या वाक्यांचंही तसंच.

एक नमुना देतो. (अर्ज इंग्रजीत असतो. इथे समजायला मराठीत लिहितोय.) पहिला मसुदा साधारण असा असतो:

‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे. माझे आजोबा नागपूरच्या सुप्रसिद्ध एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. त्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे मला कामगारांच्या इतिहासात रस निर्माण झाला.’

यात आजोबा आहेत, गिरणी आहे, प्रश्न मात्र नाही. आता हीच मुलगी असं लिहू शकते:

‘जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्याबद्दल मी जे वाचलं ते बहुतेक यंत्रं, भांडवल आणि कामगार-कल्याणाच्या योजनांबद्दल होतं. त्याच गिरणीत काम केलेले माझे आजोबा मात्र खात्यांबद्दल बोलायचे: कोणत्या वस्तीतला माणूस कोणत्या खात्यात लागायचा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण कांडी (सुताची नळी) बदलताना धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. नागपुरात कोष्ट्यांची हातमागाची जुनी परंपरा होती आणि गिरणीत दलित कामगारही मोठ्या संख्येने होते. मग इथे खात्यांची वाटणी कशी झाली, आणि ती कुणी ठरवली?’

आजोबा दोन्हीकडे आहेत. पहिल्या मसुद्यात ते भावनेपुरते येतात, दुसऱ्यात ते साक्षीदार म्हणून येतात. त्यांच्या बोलण्यातली आणि छापील इतिहासातली तफावत मुलीला दिसली आणि तिने ती प्रश्नात मांडली. धोटा आणि कांडी या तपशिलामुळे समितीतल्या माणसाला लगेच कळतं की हिने खरोखर वाचलंय. सुरुवातीच्या परिच्छेदाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नसते.

५. पण माझ्याकडे असा प्रश्नच नाही. ‘आधुनिक भारत’ आवडतो, एवढंच. विषय कुठून आणू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा, आणि माझ्या मते सगळं स्टेटमेंट यावरच उभं राहतं. ‘आधुनिक भारत’ हे पेपरचं नाव झालं. विषय डोक्यात येईल म्हणून वाट पाहत बसू नका. आधी एक साधन हातात घ्या आणि त्याला उलटसुलट प्रश्न विचारा.

नागपुरात साधनांची वानवा नाही. राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय इथे आहे. विदर्भ संशोधन मंडळ आहे. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आहे. पुराभिलेखागारात जायची भीती वाटते असं मुलं सांगतात. अशांनी घरबसल्या सुरुवात करावी. १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर इंटरनेटवर मिळतं.

किंवा रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल घ्या. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली, पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, आणि तिसरे रघूजी अज्ञान असल्यामुळे १८२६ पर्यंत राज्याचा कारभार इंग्रज रेसिडेंट म्हणून जेन्किन्सने चालवला. अहवालात जमीन, महसूल, जाती, शेती, सगळं आहे. आता विचारा: परका माणूस हे सगळं कुणाकडून शिकला? भोसल्यांच्या दप्तरातले कारकून मोडीत लिहीत होते. त्यांची माहिती इंग्रजीत उतरताना काय गळलं? गोंड राजांबद्दल तो लिहितो तेव्हा गोंडांना विचारून लिहितो, की दरबारातल्या ब्राह्मण-मराठा अधिकाऱ्यांना? यातला कुठलाही एक प्रश्न एम.ए.च्या अर्जाला पुरतो.

प्रश्न चांगला आहे का हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ‘याचं उत्तर कोणत्या कागदात किंवा कोणत्या माणसाकडे मिळू शकेल?’ याला एक तरी ठोस उत्तर देता आलं पाहिजे. ‘ब्रिटिशांमुळे विदर्भाचा विकास झाला की शोषण?’ याला ते देता येत नाही. ‘१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर बांकाबाई आणि इतर राण्यांनी केलेल्या अर्ज-विनंत्यांत हक्क कोणत्या आधारावर मागितला होता?’ याला देता येतं.

६. नागपूरचा विषय लंडनच्या किंवा दिल्लीच्या लोकांना बारीकसा, गावपातळीवरचा वाटणार नाही का?

वाटेल, जर तो कशाशी जोडलेला आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत तर. वाचणाऱ्याला सीताबर्डी कुठे आहे हे ठाऊक नसणार, म्हणून एका वाक्यात जागा आणि काळ सांगा: १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मग तुमचा प्रश्न कोणत्या मोठ्या चर्चेत भर घालतो ते लिहा.

उदाहरणार्थ, जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि महिलांची स्वतंत्र परिषदही झाली. त्या महिला परिषदेतले ठराव तुम्हाला अभ्यासायचे असतील तर विषय नागपूरचा राहतो, चर्चा मात्र भारतभरच्या स्त्रियांच्या राजकारणाची होते. चले जाव चळवळीच्या अगदी तोंडावर या बायका काय मागत होत्या, हा प्रश्न कुठल्याही विद्यापीठात कान टवकारून ऐकला जाईल.

विषय मोठा दिसावा म्हणून तो फुगवू नका. ‘भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रिया’ असं लिहिणाऱ्यापेक्षा एका परिषदेबद्दल नेमकं लिहिणारा जास्त तयारीचा दिसतो.

७. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी कच्चं आहे. हे लिहायचं की लपवायचं?

कच्चं आहे असं लिहू नका, त्यासाठी आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षा आहेत. मराठी येतं हे मात्र ठळकपणे लिहा. विदर्भाच्या इतिहासाची साधनं मराठीत आहेत, आणि परदेशातले संशोधक ती वाचता यावीत म्हणून वर्षानुवर्षं भाषा शिकतात. हिंदी येते, थोडी उर्दू वाचता येते, घरी गोंडी बोलतात, हे सगळं इतिहासकाराचं भांडवल आहे. मोडी शिकला असाल तर कुठवर तेही लिहा: छापील तक्ते वाचता येतात की हस्तलिखित पत्रं.

प्राचीन इतिहासात जायचं असेल तर संस्कृत आणि लिपी याबद्दल एक वाक्य हवंच. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथून दानपत्र देणाऱ्या प्रभावतीगुप्ता राणीवर काम करायचंय असं म्हणणाऱ्याला ‘ताम्रपट वाचणार कसा?’ हे विचारलं जाणारच. अजून येत नसेल तर कधी आणि कुठे शिकणार ते लिहा.

भाषेबद्दल आणखी एक. आधी मराठीत विचार पक्का करा, पण मराठी मसुद्याचं वाक्यागणिक इंग्रजी करू नका, ते अवघडलेलं होतं. छोटी, सरळ इंग्रजी वाक्यं लिहा. अलंकारिक इंग्रजीने कुणाची निवड झालेली मी पाहिलेली नाही.

८. प्राध्यापकांची नावं घ्यायची का?

घ्या, पण एखादं-दुसरं, आणि त्यांचं काही वाचलं असेल तरच. ‘आपल्या नामवंत प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली’ हे वाक्य कुठल्याही विद्यापीठाला चिकटवता येतं. त्यांच्या एखाद्या लेखातला कोणता मुद्दा तुमच्या प्रश्नाला लागू पडतो ते दोन ओळींत लिहा. त्या वर्षी ते रजेवर किंवा निवृत्त नाहीत ना, हेही विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

माणसांइतकंच ठिकाणही कारण होऊ शकतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारताच्या कारभाराची दप्तरं, आहेत आणि त्यात मध्य प्रांताच्या कारभाराचे कागद आहेत. नागपूरवर काम करणाऱ्याने लंडन का निवडलं, याचं हे सरळ आणि खरं कारण आहे.

९. मी इंजिनिअरिंग केलंय. इतिहास हा विषय बारावीनंतर हातातच घेतलेला नाही. अर्ज करू का?

आधी ती संस्था दुसऱ्या शाखेतले विद्यार्थी घेते का ते बघा. घेत असेल तर करा. ‘इंजिनिअरिंगमध्ये मन रमलं नाही’ यावर अर्धं पान घालवू नका, एक वाक्य बास. उरलेल्या जागेत तुम्ही स्वतःहून काय वाचलंत आणि त्यातून कोणता प्रश्न उभा राहिला ते दाखवा. तुमच्या शिक्षणाचा उपयोगही होऊ शकतो. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. रेल्वे, पाणीपुरवठा, मँगनीजच्या खाणी यांचे जुने आराखडे आणि तांत्रिक अहवाल तुम्ही जितक्या सहज वाचाल तितके इतिहासाचे विद्यार्थी वाचत नाहीत.

१०. एटीकेटी होती आणि मध्ये दोन वर्षं यूपीएससी केली. गॅप कसा दाखवू?

सरळ दाखवा. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी स्पर्धा परीक्षा करतंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एटीकेटीचं खरं कारण असेल तर दोन वाक्यांत लिहा, रडगाणं नको, आणि नंतरच्या सत्रांत गुण वाढले असतील तर तेही सांगा.

यूपीएससीबद्दल मात्र सावध राहा. त्या अभ्यासामुळे वाचन दांडगं होतं, पण त्याबरोबर एक सवय लागते: प्रत्येक घटनेची कारणं, स्वरूप, परिणाम अशा मुद्द्यांत उत्तर. स्टेटमेंटमध्ये ती लगेच ओळखू येते. त्या दोन वर्षांत एखादा मुद्दा असा भेटला का, जिथे पाठ्यपुस्तकाचं उत्तर पटलं नाही? तो लिहा. ‘एम.ए. करता करता परीक्षाही देईन’ हे मनात असलं तरी या कागदावर त्याचं काम नाही.

११. घरची परिस्थिती, जात, संघर्ष हे लिहावं का? काही जण म्हणतात लिहिलंच पाहिजे, काही म्हणतात अजिबात नको.

हा निर्णय तुमचा आहे, आणि कुणीही तुमच्यावर लिहायची किंवा न लिहायची सक्ती करू नये. मी फक्त जागा सांगतो. ‘पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट’ वेगळं मागितलं असेल तर हे तिथे मोकळेपणाने लिहा, ते त्यासाठीच आहे. एकच निबंध असेल तर तुमचं आयुष्य तुमच्या प्रश्नाला जिथे भिडतं तिथे ते आणा.

नागपुरात अशी घरं खूप आहेत जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ही घरातली तारीख आहे. आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती, तिने घरी येऊन देव्हाऱ्यातले देव काढले, असं नातवंडं सांगतात. ‘यामुळे मला प्रेरणा मिळाली’ एवढ्यावर हे सोडून देऊ नका. आजीला विचारा: देव काढल्यावर त्यांचं काय केलं? कुणी अडवलं का? पुढच्या वर्षी घरात सण कोणते झाले, लग्न कशा पद्धतीने लागलं? धर्मांतर सभेत झालं, पण ते घरात कसं झालं हे तिच्याकडूनच कळणार. तिच्या परवानगीने रेकॉर्ड करा, तारीख टाका. ही मौखिक साधनं आहेत, आणि त्यांच्यापर्यंत तुमची पोच आहे. असं लिहिलेलं स्टेटमेंट दया मागत नाही, ते अधिकाराने बोलतं.

१२. विषय राजकीयदृष्ट्या नाजूक आहे. टाळू का?

इतिहासात नाजूक नसलेला विषय शोधायला गेलात तर हाती फार थोडं उरेल. घ्या. फक्त निकाल आधीच लागलाय अशा सुरात लिहू नका. ‘मला हे सिद्ध करायचंय’ याऐवजी कोणता पुरावा मिळाला तर तुमचं मत बदलेल तेही लिहिता आलं, तर समितीचा विश्वास बसतो.

१३. एकच स्टेटमेंट सहा ठिकाणी पाठवू शकतो का? शिष्यवृत्तीलाही तेच चालेल?

प्रश्न आणि साधनांचा भाग तोच राहू शकतो. विभागाबद्दलचा भाग (प्रश्न ८) दर वेळी नव्याने लिहावा लागतो. पाठवण्याआधी दुसऱ्या विद्यापीठाचं नाव राहिलं नाही ना, हे बघायला आणखी एका माणसाला बसवा.

शिष्यवृत्तीचं गणित वेगळं असतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या निबंधांत नेतृत्व आणि पुढच्या कामाचं नियोजन विचारतात, शिवाय कामाचा अनुभवही लागतो. नुकतं बी.ए. झालेल्यांनी तो नियम आधी वाचावा. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला पात्रता आणि कागदपत्रांवर भर असतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला लागणारा वेळ धरून चाला.

१४. एजंटकडून किंवा चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

नका घेऊ. अनेक विद्यापीठं हे स्वतःचंच लिखाण आहे असं तुमच्याकडून लिहून घेतात. त्याहून मोठी अडचण अशी की आजीचा देव्हारा किंवा आजोबांचं खातं त्यांना माहीत नाही, म्हणून ते पुन्हा ‘लहानपणापासून आवड’ इथेच येतात. लिहून झाल्यावर व्याकरण तपासायला मदत घेणं वेगळं, तेही त्या संस्थेचे नियम बघून.

दाखवायचं असेल तर दोघांना दाखवा. एक, तुमचे इतिहासाचे सर किंवा मॅडम, आणि शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घेणार असाल तर मसुदा त्यांच्या हाती निदान महिनाभर आधी द्या. दुसरा, इतिहासाशी संबंध नसलेला कुणीही. त्याला वाचून ‘तुला नेमकं काय शोधायचंय?’ याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर प्रश्न ५ वर परत जा.

१५. प्रवेश मिळाल्यावर विषय बदलला तर फसवणूक होईल का?

नाही. स्टेटमेंट हा करार नसतो. वाचन वाढलं की विषय बदलतोच, आणि विभागांनाही ते अपेक्षित असतं. मात्र ज्याचा विचारच नाही असा विषय निव्वळ समितीला आवडेल म्हणून लिहू नका. मुलाखत असेल तर दुसऱ्याच प्रश्नाला अडचण होते.

१६. मागच्या वर्षी नकार आला. तेच स्टेटमेंट सुधारून पुन्हा पाठवू का?

नकाराचं कारण दर वेळी स्टेटमेंटच असतं असं नाही. जागा कमी असतात, किंवा तुमच्या विषयाला मार्गदर्शक नसतो. विभागाला नम्र ईमेल करून अभिप्राय मागा. बरेच जण देत नाहीत, पण विचारायला हरकत नाही. पुन्हा अर्ज करताना शब्द घासूनपुसून बसू नका. मधल्या वर्षात प्रश्न किती पुढे गेला ते दिसू द्या: कोणतं दप्तर पाहिलं, कुणाची मुलाखत घेतली, कोणती समजूत चुकीची निघाली. एम्प्रेस मिलवाल्या मुलीने वर्षभरात विणकाम खात्यातल्या चार निवृत्त कामगारांशी बोलून घेतलं, तर तिचा दुसरा परिच्छेद आपोआप नवा होईल. मागच्या वर्षी अर्ज केला होता हे लपवू नका. संस्थेच्या नोंदीत ते बहुधा असतंच.